रगेड लॅपटॉप: साइटवर फिरणाऱ्याने अडीच लाख घालावेत का?

जांभा_मोजणी:
मी रत्नागिरी जिल्ह्यात जमीन मोजणीचं खासगी काम करतो. तीन वर्षांत दोन लॅपटॉप गेले. पहिला चिरेखाणीवर: लाल धूळ पंख्यात बसली आणि मशीन तापून बंद पडलं. दुसरा जुलैत. जीपच्या बॉनेटवर नकाशा दाखवत होतो, सर आली आणि छत्री उघडेपर्यंत कीबोर्डात पाणी. पैसे गेलेच, पण त्या दिवशी मुंबईहून आलेले चार सहहिस्सेदार तसेच परत गेले. पुन्हा सगळ्यांची तारीख जुळायला दीड महिना लागला. ते फार लागलं मनाला.

फुल रगेडचं, म्हणजे धूळ-पाणी-दणके सोसणाऱ्या पूर्ण मजबूत लॅपटॉपचं, कोटेशन अडीच लाखांच्या वर आलंय. माझं मत घ्यावा असंच आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

पुणेकर_आयटी:
नका घेऊ दादा. तेवढ्यात साठ हजारांचे चार येतात. फील्डवरच्या लोकांची मशीन सांभाळणं हेच माझं काम आहे. पॅनासॉनिकने १९९६ साली टफबुक आणलं तेव्हा लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असायची, गाडीच्या दणक्याने ती जायची. आता डेटा चिपवर साठवणारी एसएसडी असते, तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे निम्मं भय संपलं. एक वापरात, एक राखीव, रोज संध्याकाळी बॅकअप.

आणि ‘मिलिटरी ग्रेड’ला भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१० ही चाचण्या कशा घ्यायच्या याची अमेरिकी लष्कराची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते. ऑफिसातल्या साध्या लॅपटॉपवरही तो शिक्का सापडेल.

पठारावरचा:
राखीव लॅपटॉप ऑफिसात असून काय उपयोग? मी पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करतो. लॅपटॉप बंद पडला की खाली उतरून परत येईपर्यंत दिवस संपला.

स्क्रीनबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. साधा स्क्रीन २५०-३०० निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), भर दुपारी त्यात फक्त स्वतःचं तोंड दिसतं. मी डोक्यावर जॅकेट घेऊन अक्षरं वाचलीत. फुल रगेडला हजार निट्सचा स्क्रीन मिळतो. माझ्या मते निम्मे पैसे त्याचेच.

शिक्क्याबद्दल मात्र पटलं. म्हणून आयपी आकडा बघा, धूळ-पाणी किती अडतं ते तो सांगतो. आयपी६५ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा झोत सोसतो. सेमी रगेडला, म्हणजे थोड्या कमी मजबूत लॅपटॉपला, बऱ्याचदा आयपी५३ असतं; तुमच्या चिऱ्याच्या धुळीला ते पुरणार नाही. आणि पोर्टांची झाकणं बंद असतील तरच हे आकडे खरे.

बांध_बंदिस्ती:
मी मराठवाड्यात जलसंधारणाच्या कामांवर असते. ऑफिसने फुल रगेड दिला, चार्जर धरून साडेतीन किलोच्या वर. पहिले पंधरा दिवस खांद्यावर वागवला, मग तो गाडीतच राहिला आणि नोंदी मोबाईलवर. जे उचलवत नाही ते कितीही मजबूत असून काय करायचं? रगेड टॅबलेट घ्या, लॅपटॉप घरीच ठेवा.

जांभा_मोजणी:
ताई, टॅबलेटवर नोंदी होतील. पण पाच भाऊ बांधावर उभे असताना कोणाची हद्द कुठून जाते ते जागेवरच आखून दाखवावं लागतं. घरी जाऊन आखलं की शंका सुरू होतात. मोठा स्क्रीन तिथेच लागतो.

पुणेकर_आयटी:
मग दुसरा लॅपटॉप जीपमध्येच ठेवा, धूळ-पाणी न शिरणाऱ्या पेटीत. पठारावरच्या भाऊंनाही हेच सांगेन. अशी मोजणी वर्षात किती वेळा अडते? दोनदा अडली तर गाडी, माणसं धरून दहा-पंधरा हजार. दोन लॅपटॉप धरूनही सव्वा लाखाच्या वरचा फरक कधी भरून निघणार?

जांभा_मोजणी:
हिशोब बरोबर आहे, मान्य. पण पहिला ज्या धुळीने गेला, पेटीतला उघडल्यावर तोही तिनेच जाणार. शिवाय माझं काम तोंडी शिफारशीवर चालतं. ‘त्याचं मशीन बंद पडलं, आमची रजा फुकट गेली’ हे वाडीत पसरलं की पुढची दोन कामं येत नाहीत. तो आकडा तुमच्या हिशोबात कुठे धरू?

पठारावरचा:
जुना, वापरलेला बघा, निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. पण आधी कोणी उघडून दुरुस्त केलाय का ते विचारा. रबरी गॅस्केट नीट बसलं नसेल तर आयपी६५ नुसतं स्टिकरवर उरतं.

जांभा_मोजणी:
हे सुचलं नव्हतं. चिपळूण-रत्नागिरीकडे कोणाकडे असेल तर सांगा. दुपारी बाराला उन्हात उघडून बघायचाय, मग ठरवतो.