चोक व्हॉल्व्हमध्ये दगड जमलाय, अ‍ॅसिडलाही दाद देत नाही

फोंडेकर_२८
नमस्कार मंडळी. ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, नवीन लागलोय, २८ दिवस तिकडे २८ दिवस घरी. परवा शटडाउनला चोक (विहिरीतून येणारा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह) उघडला तर आत करडा थर, अंगठ्याएवढा जाड, स्क्रूड्रायव्हरने घासला तर नुसता ओरखडा. तुकडा लॅबमध्ये हायड्रोक्लोरिकमध्ये टाकला, वाटलं फसफसेल, तर ढिम्म. बेतुलला ट्रेनिंगमध्ये पाण्यात उडी कशी मारायची ते शिकलो, याचं काय करायचं? आमच्याकडे चिऱ्यातल्या विहिरीचं पाणी, असला खडा गिझरमध्येसुद्धा बघितला नाही.

जुना_वास्कोकर
फसफसला नाही म्हणजे कार्बोनेट नव्हे. हातात जड लागत असेल तर बेरियम सल्फेटच धर. तुमच्याकडे तेल वर ढकलायला समुद्राचं पाणी खाली खडकात इंजेक्ट करतात ना? त्यात लिटरला साधारण २७०० मिलिग्रॅम सल्फेट, खाली खडकातल्या पाण्यात बेरियम, दोघं आपापल्या जागी गुमान असतात आणि एकत्र आले की दगड. कार्बोनेटचं वेगळं, प्रेशर पडलं की सोड्याच्या बाटलीसारखा सीओटू निघून जातो, पीएच चढतो आणि खडा बसतो, तो अ‍ॅसिडने जातो तरी. हलक्यात घेऊ नको, नॉर्थ सीला मिलर या तेलक्षेत्राची एक विहीर २४ तासांत ३०,००० बॅरलवरून शून्यावर आलेली.

फोंडेकर_२८
काका, मग हा काढायचा कशाने?

मडगाव_केमिस्ट
डीटीपीएसारखं चिलेटिंग, म्हणजे बेरियमला पकडून विरघळवणारं केमिकल, गरम करून तासन्‌तास भिजवायचं, पण एवढा जाड असेल तर जेटिंग (जोरदार फवाऱ्याचा मारा) नाहीतर सरळ व्हॉल्व्ह बदला. खरं काम आधीचं. फॉस्फोनेट इनहिबिटर, म्हणजे खडा बसूच न देणारं केमिकल, काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग), तेही चोकच्या अलीकडे, खडा बसल्यावर ओतून काही होत नाही. विहिरीच्या आतच बसत असेल तर स्क्वीझ, म्हणजे इनहिबिटर खडकात ढकलून विहीर बंद ठेवायची, मग तो पाण्याबरोबर थोडा थोडा परत येत राहतो, कमी झाला की पुन्हा. आणि इनहिबिटर सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा आवाज ऐकून खूश होऊ नका. आमच्याकडे पंप मस्त टकटक करायचा आणि टाकीची पातळी आठवडाभर तेवढीच, चेक व्हॉल्व्ह अडकलेला!

जुना_वास्कोकर
एक राहिलं. बेरियमबरोबर किरणोत्सर्गी रेडियमही बसतं, म्हणून कोरडं घासू नको, ग्राइंडर तर नाहीच. आधी रेडिएशन मीटर लावून घे, ओलं ठेव, मास्क घाल. तो तुकडा कुठाय?

फोंडेकर_२८
बॅगेत 😬 आईला दाखवायला घरी आणणार होतो. सेफ्टीवाल्याला फोन करतो आत्ताच.