वेगमर्यादेचे कॅमेरे: अपघात टळतात की केवळ दंडवसुली होते?

वरळीकर (प्रश्न)

सागरी किनारा मार्गावर सरळ रस्त्याला ताशी ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. कॅमेरा जवळ आला की पुढच्या गाड्यांचे मागचे लाल दिवे एकापाठोपाठ एक लागतात आणि कॅमेरा मागे पडताच त्याच गाड्या पुन्हा भरधाव सुटतात. अशा कॅमेऱ्यांमुळे अपघात खरोखर कमी होतात का? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

घाटवाट

आपले निरीक्षण अचूक आहे. मात्र दोष कॅमेऱ्याचा नसून एकाच जागी वेग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत रस्त्यावरच्या एका कॅमेऱ्याच्या कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत पोहोचायला गाडीला किती वेळ लागला, यावरून सरासरी वेगही काढला जातो. ताशी १०० च्या मर्यादेत १० किलोमीटरला किमान ६ मिनिटे लागायलाच हवीत. जो ५ मिनिटांत पोहोचला त्याने सरासरी १२० चा वेग ठेवला, हे उघडच आहे आणि कॅमेऱ्याखाली ब्रेक दाबून त्याची सुटका होत नाही. माझ्या मते सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू यांसारख्या, मध्ये सिग्नल नसलेल्या रस्त्यांवर हीच पद्धत मुख्य असावी.

वेगाचा प्रश्न क्षुल्लक नाही. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच बरेच अंतर कापलेले असते. शिवाय वेग ६० वरून ८० झाला की धडकेतील ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे.

कायदेप्रेमी

दंडवसुलीचा संशय लोकांच्या मनात का येतो, याचाही विचार व्हावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ऑगस्ट २०२१ च्या नियम १६७अ नुसार कॅमेऱ्यापूर्वी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत वाहनमालकास पाठवली जायला हवी. आमच्या सोसायटीतील एका काकांना आलेल्या ई-चलानावर छायाचित्र भलत्याच गाडीचे होते. नंबरप्लेटवरील ३ यंत्राने ८ वाचला होता. म्हणून चलान आले की आधी छायाचित्र मोठे करून पाहावे आणि चूक असल्यास पैसे भरण्यापूर्वी ऑनलाइन तक्रार नोंदवावी. नियम काटेकोर पाळले गेले, तर कॅमेऱ्यावर आक्षेप घ्यायला फारशी जागा उरणार नाही.

पायी पायी

येथे सारी चर्चा अशा रस्त्यांची चालली आहे, जेथे पायी चालणाऱ्याला प्रवेशच नाही. मुंबईच्या रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत पादचारी आणि दुचाकीस्वार सर्वाधिक असतात. लालबहादूर शास्त्री मार्गावर पदपथ फेरीवाल्यांनी, खोदकामाने किंवा उभ्या दुचाकींनी अडला की आजी-आजोबांनाही रस्त्यावर उतरावे लागते आणि रात्री रस्ता मोकळा झाला की गाड्या तेथूनच सुसाट जातात. पादचारी आणि वाहने एकत्र असतील तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. नवे कॅमेरे बसवायचे असतील तर ते आधी शाळा, रुग्णालये आणि रेल्वे स्थानकांबाहेरच्या रस्त्यांवर बसवावेत, आणि त्यांच्यासोबत उंच झेब्रा क्रॉसिंगही बांधावे, कारण तेथे वेग कमी करण्यावाचून चालकाला पर्यायच राहत नाही.