ब्रिटनमधली ओस पडलेली चर्चं : पोसायची कुणी?

चौथा_कोनाडा :
चर्च ऑफ इंग्लंडकडे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाकडे, सुमारे १६,००० चर्चं आहेत. इंग्लंडमधल्या पहिल्या श्रेणीच्या वारसावास्तूंपैकी जवळपास ४५ टक्के हीच. रविवारी आत मोजकी म्हातारी मंडळी. पण विकायला काढलं की ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही तेही खवळतात. मनोरा हवा, वर्गणी मात्र नको! माझं म्हणणं सरळ आहे : हवं त्याने पैसे भरावेत, नाहीतर विकावं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टच्या तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये एकेकाळी सायकली ठेवत. २००६पासून तिथे पुस्तकांचं दुकान आहे. काय बिघडलं?

गवाक्ष :
मास्ट्रिक्ट हे गजबजलेलं शहर आहे हो. आडगावातल्या चर्चमध्ये पुस्तकं घ्यायला कोण येणार? तिथे गिऱ्हाईक एकच, घर करून राहणारा. म्हणजे दाराला कुलूप, आणि भोवती लोकांच्या आजी-आजोबांची थडगी. शिवाय अनेक खेड्यांतलं दुकान, पोस्ट, पब सगळं बंद झालंय. चार माणसं जमवायला छप्पर उरलंय ते एवढंच. श्रद्धा नसलेला माणूस चर्चसाठी भांडतो तो यासाठी. त्यात ढोंग काय आहे?

चौथा_कोनाडा :
ढोंग नाही, फुकटेपणा आहे. त्या छपरावरचे शिशाचे पत्रे चोर उचलून नेतात, तेव्हा खर्च त्या मोजक्या म्हाताऱ्यांच्याच बोकांडी.

पाणपोई :
मग सरकारने घ्यावा तो भार. फ्रान्स केवढा धर्मनिरपेक्ष! तरी १९०५च्या कायद्याआधीची बहुतेक कॅथलिक चर्चं तिथल्या गावपालिकांच्या मालकीची आणि कॅथेड्रलं (बिशपची मुख्य चर्चं) सरकारची. प्रार्थनेचा हक्क चर्चकडे. ब्रिटनमध्ये उलटा कारभार. डागडुजीवर २० टक्के व्हॅट घ्यायचा, आणि तो परत द्यायला २००१मध्ये वेगळी योजना काढली. त्यालाही २०२५मध्ये कात्री लागली : एका वास्तूला वर्षाला जास्तीत जास्त २५,००० पौंड. जुन्या मनोऱ्याचं काम काढलं तर एवढ्यात काय होणार होतं?

निवांत_बोका :
फ्रान्सच्या छोट्या गावपालिकांना विचारा एकदा. छप्पर दुरुस्त करू की शाळा, हा प्रश्न त्यांच्याकडेही आहेच. आणि माझ्या करातून एकाच धर्माची वास्तू का?

सांजसावली :
इमारतीला धर्म कायमचा चिकटलेला असतो कुठे? लंडनच्या ब्रिक लेनवरची एक वास्तू पाहा. १७४३मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनो (प्रोटेस्टंट) निर्वासितांनी चर्च म्हणून बांधली, पुढे ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली, १८९८मध्ये सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) झाली, १९७६मध्ये मशीद. भिंती त्याच.

गवाक्ष :
तिथे दर पिढीला नवी वस्ती आली. आडगावात कोण येतंय? (वटवाघळं येतात म्हणा. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, घाण मात्र गावकऱ्यांनी काढायची.)

पाणपोई :
मधला मार्गही आहे की. चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट १९६९पासून बंद पडलेली चर्चं सांभाळतो, आता ३५०हून जास्त. पैसे सरकार आणि चर्च दोघांचे. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्समध्ये सर्कसची शाळा भरते, काही चर्चमध्ये रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग मिळतं. दारं उघडी राहतात, विकावंही लागत नाही.

चौथा_कोनाडा :
साडेतीनशे! मी १६,०००चं विचारतोय.