ओडिशाची मुलं आठ दिवस आमच्या शाळेत येणार, कार्यक्रम कसा आखू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात एका हायस्कूलमध्ये इतिहास आणि मराठी शिकवते. केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे, त्यातून तिकडच्या एका शाळेशी ओळख झाली, आता जानेवारीत त्यांची नववीची वीस मुलं आठ दिवस इकडे आणि दिवाळीच्या सुट्टीत आमची वीस तिकडे असं ठरतंय. सध्याचा प्लॅन म्हणजे उद्घाटन, लेझीम, त्यांचा ओडिसी नाच, एक सहल आणि सर्टिफिकेट. मला हे पटत नाहीये, मुलं सेल्फी काढून घरी जातील आणि संपलं. दुसरं म्हणजे मुलांना हॉलमध्ये ठेवायचं की घरोघरी?

नवोदयवाला:
मॅडम, नवोदयमध्ये, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळांमध्ये, नववीला साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात, मी असाच मध्य प्रदेशात गेलेलो. पहिला महिना आम्ही मराठी पोरं मेसमध्ये एकाच टेबलावर बसायचो, स्वागत समारंभ झाला होता तरी. फरक पडला तो खो-खोच्या टीममध्ये मिक्स केल्यावर आणि मेसची ड्युटी जोडीने लागल्यावर, भाजी चिरता चिरता हिंदी आली. म्हणून सांगतो, पहिल्या दिवसापासून एक मराठी एक ओडिया अशी जोडी लावा आणि दोघांनी मिळून केल्याशिवाय होणारच नाही असं काहीतरी काम द्या. स्टेजवरचे प्रोग्राम शेवटच्या संध्याकाळी, तेही थोडेच.

जुना मास्तर:
ताई, साने गुरुजींनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली ती हीच, प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात. आठ दिवसांत भाषा येणार नाही, पण मुलांना 'ळ' शोधायला लावा. हिंदीत फल, कमल, आणि ओडियात आपल्यासारखंच फळ, कमळ. पोरांना हे स्वतः सापडलं की ती जी उडी मारतात ना, ती कुठल्या भाषणाने येत नाही. आषाढात आपली वारी, त्यांची रथयात्रा, आणि आषाढी एकादशीला इकडे पंढरपुरात गर्दी असते तेव्हा पुरीत रथावरच्या जगन्नाथाला सोन्याचे दागिने घालतात, सुना बेश म्हणतात त्याला.

आणि इतिहास शिकवता म्हणून एक आग्रह, अवघड भाग टाळू नका. १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. आपण अटकेपार झेंडे शिकवतो, पण बंगाल-ओडिशात 'बर्गी' म्हणजे लुटायला येणारे मराठे, शब्द आपल्याच बारगीरवरून, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारावरून गेलेला. त्याच काळात कोणार्कच्या सूर्यमंदिराचा अरुणस्तंभ, म्हणजे सूर्याच्या सारथ्याचा दगडी खांब, पुरीच्या देवळासमोर आणून उभा केला, हेही खरं. दोन्ही शाळांची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवा, जोड्यांना वाचू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. आमच्या वर्गात मी हे कधी केलं नाही, याची आजही खंत वाटते.

मिरजकर_आई:
घरोघरीच ठेवा, पण एका घरी दोन मुलं, एकटं कुणाला नको. आधी पालकांची मीटिंग घ्या आणि जातीचं आणि मांसाहाराचं तिथेच स्पष्ट बोला, नंतर 'आमच्याकडे चालत नाही' असं त्या लेकरांच्या कानावर पडलं तर सगळं मुसळ केरात. मुलींच्या घरी संडास-बाथरूम कसं आहे ते बाईमाणसाने आधी बघून यावं. आणि एक दिवस त्यांना आपल्या चुलीपाशी पखाळ करू द्या, पाण्यात आंबवलेला भात असतो, आपल्या आंबिलीची बहीणच.

कृष्णाकाठ:
बर्गी वाचून थांबलेच मी, अठरा वर्षं शिकवतेय आणि हा शब्द वर्गात कधी उच्चारला नाही. जोड्या, पाठ्यपुस्तकं आणि पालक मीटिंग एवढं सोमवारी हेडसरांपुढे ठेवते. जुने मास्तर, तिकडच्या सरांशी या विषयावर आधी फोनवर बोलून घेऊ का, की मुलांसमोरच उघडू?

जुना मास्तर:
आधी बोला. त्यांच्या मुलांसमोर त्यांना अवचित गाठल्यासारखं होऊ नये.