मदत हवी आहे: फेब्रुवारीत पूर्व होक्काइदो, गाडी न चालवता

आई-बाबा (दोघंही सत्तरीला टेकलेले) आणि मी फेब्रुवारीत जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जातोय. साप्पोरो आणि शिराओइचं आइनू (तिथले मूळ रहिवासी) लोकांचं संग्रहालय ठरलंय. अडलंय पुढच्या पाच दिवसांत: त्सुरुईचे लाल माथ्याचे क्रौंच, आकान तळ्याकाठची आइनू वस्ती, आबाशिरीचा समुद्रातला तरंगता बर्फ. परवाना आहे, पण बर्फावर गाडी चालवणार नाही. कुशिरो शहर ते आबाशिरी रेल्वेने जमेल. त्सुरुई आणि आकानच्या बसच्या वेळा जुळवण्यात मात्र दोन रविवार गेले. आई शाकाहारी, माशाचं दाशीसुद्धा (जपानी जेवणात सगळीकडे असणारं सार) चालत नाही. (थेपले घेतोय, पण पाच दिवस थेपलेच?)

हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी सांगा: त्सुरुई-आकानसाठीच्या दोन्ही रात्री कुशिरोत राहून टॅक्सीने फिरावं, की एक रात्र आकानला काढावी? आणि तिथल्या हॉटेलात आधी कळवलं तर दाशीशिवाय जेवण खरंच मिळतं का?