मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात धुतलेले टॉवेल उन्हात वाळून कडक होतात

बेळगावात अनगोळच्या बाजूला राहते. घरी टॉप लोड मशीन आहे, ड्रायर नाही. सगळं धुणं गच्चीवर दोरीवर वाळतं. अंगाचे कपडे, चादरी, कशाबद्दलच तक्रार नाही. टर्किश टॉवेल मात्र एप्रिल-मेच्या उन्हात असे वाळतात की दोरीवरून काढले तरी मधली घडी तशीच राहते, पापडासारखी. मामंजींचं वय झालंय, कातडी पातळ झालीय. अंग पुसताना ओरखडे उठतात, म्हणून त्यांनी पंचाच धरलाय. पण थंडीत डोकं पुसायला पंचा कुठला पुरतोय?

पाणी बोअरचं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि वडीला फेस येता येत नाही. नळाला पाणी येतं तेव्हा ते प्यायला आणि स्वयंपाकाला भरून ठेवावं लागतं.

कंडिशनर सुचवू नका, वापरून झालाय. टॉवेल मऊ होतो, पण पाणी टिपत नाही, अंगावरून नुसतं फिरवल्यासारखं होतं. ड्रायर घ्या असंही नको, एवढं ऊन फुकट असताना.

दोष नेमका कशाचा? पाण्याचा, पावडरीचा, की उन्हाचा?

वडगावकर: पाण्याचाच, दुसरं काही नाही. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. त्यात साबणाची वडी लावली की चिकट साका तयार होतो, आणि टर्किशचे ते बारीक फासे असतात ना, त्यांत जाऊन बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर ओततो, तीही नीट खळबळून निघत नाही. धुताना चमचाभर धुण्याचा सोडा घाला, पाणी मऊ होईल.

निपाणीकर: आमचे आजोबा मऊ टॉवेल हातात धरत नव्हते. त्याने मळ निघत नाही म्हणायचे 😄 विषय गंभीर आहे, माफ करा. चालू द्या.

मास्तर_निवृत्त: वडगावकर, सोड्याने पाणी मऊ होतं हे बरोबर. पण होतं कसं? कॅल्शियम कार्बोनेट होऊन पाण्यातून बाहेर पडतं, म्हणजे तोच पांढरा थर. मशीनच्या पाण्यात त्याला बसायला टॉवेलच सापडतो. नीट खळबळलं नाही तर सोड्याने टॉवेल उलट आणखी रखरखीत होईल.

ताई, आधी पावडर निम्म्यावर आणा आणि एक पाणी जास्त काढा. मग महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात आंबट घाला. पांढरं व्हिनेगर अर्धी वाटी, नाहीतर किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं ते चमचाभर, बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवून. आम्लात तो थर सुटतो. वास राहत नाही, टॉवेल वाळला की जातो. दर धुण्याला मात्र नको, मशीनच्या रबराला ते मानवत नाही. आणि ब्लीचबरोबर चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तर अजिबात नको.

खानापूरची: सगळं खापर पाण्यावर फोडू नका हो. आमच्या विहिरीच्या पाण्याला साबण हातात धरवत नाही इतका फेस येतो. तरी वारा पडलेल्या दिवशी टॉवेल कडक ते कडकच. आणि वारा सुटला की तोच टॉवेल, तीच दोरी, पण मऊ वाळतो.

याच्यावर जपानमध्ये अभ्यासही झालाय, होक्काइदो विद्यापीठ आणि काओ कंपनीचा, २०२० साली छापून आला. सुती कापड वाळलं असं आपल्याला वाटतं, तेव्हाही सुताच्या अंगावर थोडं पाणी धरून राहिलेलं असतं. तेच पाणी एका धाग्याला दुसऱ्याशी डिंकासारखं चिकटवतं. वाळताना कापड हलत राहिलं तर हे जोड धरत नाहीत. ड्रायरमध्ये मऊ होतो तो उष्णतेपेक्षा घुसळण्याने. वाऱ्याने होतं ते थोडंफार तेच.

मी काय करते सांगते. मशीनमधून काढला की दोन कोपरे धरून सटासट झटकायचा, फासे उभे राहीपर्यंत. पिळलेला तसाच दोरीवर टाकायचा नाही. दुमडूनही नाही, एका कडेला चिमटे लावून पूर्ण सोडायचा. अर्धा वाळला की उलटा लावायचा, तेव्हा पुन्हा झटका. आणि थोडा दमट असतानाच उन्हातून काढून सावलीत वाळू द्यायचा. तुमच्याकडचं दुपारचं ऊन टॉवेलला गरजेपेक्षा जास्त होतं. एवढं करूनही कडक लागला तर घडी घालण्याआधी दोन्ही हातांत धरून कपडे चोळतो तसा कोरडाच चोळा.

मास्तर_निवृत्त: हे पटलं. एक टॉवेल नळाच्या पाण्यात, बिनपावडरीचा, हाताने धुऊन त्याच दोरीवर घाला. तोही कडक झाला तर दोष वाळवण्यात. मऊ राहिला तर पाण्यात.

धागाकर्ती: करून बघितलं. नळाच्या पाण्यातला जरा बरा, पण मऊ म्हणावा असा नाही. बोअरच्याच पाण्यातला दुसरा टॉवेल लिंबूसत्वाच्या पाण्यातून काढला आणि खानापूरच्या ताईंनी सांगितलं तसा झटकून, उलटा करून, पाणीटाकीच्या सावलीत वाळवला. तो चांगलाच उतरला, पाणीही टिपतो. मामंजींनी डोकं पुसलं. काही बोलले नाहीत, पण परतही दिला नाही.

लिंबूसत्वही आणि हाताने झटकणंही, एवढं रोजच्या धुण्याला कसं जमायचं? घरात टॉवेलच सहा.

खानापूरची: रोज कशाला? टॉवेलांचा वेगळा दिवस ठेवा. पाऊस लागला की पागोळीखाली पिंप लावा, त्यासारखं मऊ पाणी नाही. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, छपरावरची धूळ उतरते. पावसाळ्यात वाळवायची रड वेगळी, पण तेव्हा टॉवेल कडक होत नाहीत, कुबट होतात 😀 पंख्याखाली पसरून वाळवा.

धागाकर्ती: पिंपातलं पाणी मशीनमध्ये वरून बादलीने ओतलं तर चालतं का?

वडगावकर: टॉप लोडला चालतं. पातळी भरली की ते फिरायला लागतं. पाणी तेवढं फडक्यातून गाळून घाला, नाहीतर पाचोळा टर्किशमध्ये अडकतो आणि वेचत बसावं लागतं.