मदत हवी आहे: टायटॅनियम प्रिंटमध्ये पृष्ठभागालगत छिद्रं

लेझर पावडर बेडवर (धातूची भुकटी थराथराने लेझरने वितळवणारं ३डी प्रिंटिंग) ग्रेड ५ टायटॅनियमचे फटीग (वारंवार भार देऊन तपासण्याच्या) चाचणीचे नमुने बनवतोय. पॉवर २८० वॉट, वेग १२०० मिमी/सेकंद, हॅच (आतला भाग भरणाऱ्या शेजारच्या लेझर-रेषांमधलं अंतर) ०.१४ मिमी, थर ३० मायक्रॉन. म्हणजे ऊर्जा घनता साधारण ५६ ज्यूल प्रति घन मिमी. गाभा दाट येतो, पण पृष्ठभागाखाली ०.२ मिमीवर छिद्रांची रांग दिसते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. छिद्रं गोल आहेत, त्यामुळे अर्धवट वितळण्याची शक्यता कमी. वळणावर लेझर मंदावून कीहोल (जास्त ऊर्जेने खोल खळगा पडून त्यात वायू अडकणं) होत असावं. स्कायरायटिंग (वळताना लेझर बंद ठेवणं) चालू केल्यावर ती कमी झाली, गेली नाहीत.

आधी कंटूरची (बाहेरच्या कडेच्या रेषेची) पॉवर उतरवावी, की हॅच-कंटूरमधला ऑफसेट (अंतर) बदलावा? दोन्ही एकदम बदलले तर खरं कारण सापडणार नाही. हिप (उष्णता आणि वायूदाबाने छिद्रं मिटवणं; ९२० अंश, १०० मेगापास्कल, २ तास) शक्य आहे, पण पृष्ठभागापर्यंत उघडलेली छिद्रं त्याने मिटत नाहीत. तुमच्यापैकी कुणी अशा नमुन्यांचं सीटी स्कॅन केलं असेल तर व्हॉक्सेलचा (स्कॅनमधल्या त्रिमितीय पिक्सेलचा) आकारही कृपया सांगा.